तिसरा पाइप: टोकण यंत्राच्या हायड्रॉलिक पंख्याचे एक प्रकरण

भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा हायड्रॉलिक दुरुस्तीचा गाळा आहे. आमच्याकडे येणारे काम बहुतेक प्रेस, फोर्कलिफ्ट, क्रेन आणि बांधकामावरच्या यंत्रांचे असते. गेल्या जूनमध्ये मात्र घाटकोपरला राहणारा एक तरुण सिमेंटच्या रिकाम्या गोणीत बांधलेली तेलाच्या दाबावर फिरणारी एक लहान गिअर मोटर घेऊन आला. ती जालना जिल्ह्यातल्या त्याच्या मामांच्या टोकण यंत्रावरची, पंखा फिरवणारी मोटर होती. मामांनी ती देवगिरी एक्स्प्रेसने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती दिली होती. भाच्याने ती सकाळी ठाण्याला उतरवून घेतली आणि लोकलने थेट भांडुप गाठले. “काका, तिकडे वाफसा आलाय आणि मामांचं यंत्र बांधावर उभं आहे. आज झालं तर रात्रीच्या गाडीनं परत पाठवतो,” असे तो म्हणाला. मोटर त्याच रात्री परत गेली. नऊ दिवसांनी तीच मोटर, त्याच गोणीत, पुन्हा माझ्या टेबलावर आली. हे प्रकरण मी लिहून ठेवत आहे ते या दुसऱ्या खेपेमुळे.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो. तिफणीवर बी चाड्यातून पेरणाऱ्याच्या मुठीच्या अंदाजाने पडते. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या टोकण यंत्रात ते काम प्रत्येक ओळीवरची, काठाला भोके असलेली एक उभी चकती करते. चकतीच्या एका अंगाला बियाणे असते आणि दुसऱ्या अंगाने पंखा हवा खेचून घेत असतो, त्यामुळे प्रत्येक भोकावर एकेक दाणा चिकटून राहतो. चकती फिरत खाली आली की त्या जागी व्हॅक्यूम तुटतो आणि दाणा सरीत पडतो. व्हॅक्यूम कमी पडला तर भोके रिकामी जातात आणि उगवणीनंतर नांग्या भरत बसावे लागते. जास्त झाला तर एका भोकावर दोन दाणे धरले जातात. मामा मक्यासाठी ४० मिलिबार, म्हणजे पाण्याच्या सुमारे १६ इंचांइतका व्हॅक्यूम ठेवत होते.

आपल्याकडे असा पंखा बहुधा ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, मिनिटाला ५४० फेऱ्यांवरून पट्ट्याने वेग वाढवून चालवतात. मामांचे यंत्र जुने विकत घेतलेले, परदेशी बनावटीचे होते आणि त्याचा पंखा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलावर चालत होता. मोटरचे माप फेरीला ८ सीसी तेलाचे होते. पंखा मिनिटाला ३,६०० फेऱ्यांनी फिरवायचा तर मोटरला मिनिटाला सुमारे २९ लिटर तेल लागते, आणि दोन टोकांमधला दाब १०० बार धरला तर ती जवळपास ५ किलोवॅट शक्ती घेते. आकाराने नारळाएवढ्या वस्तूसाठी हे काम लहान नाही.

अशा मोटरला तीन पाइप असतात. एकातून दाबाचे तेल येते आणि दुसऱ्यातून काम करून झालेले तेल परत जाते. तिसरा पाइप बारीक असतो. मोटरच्या आत गिअरचे दाते आणि त्यांना आधार देणारे बुश यांच्या फटींतून थोडे तेल सतत झिरपते, तेच बुशांना वंगण देते आणि शेवटी शाफ्टच्या सीलमागच्या, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीमागच्या, पोकळीत साठते. ते तिथून ट्रॅक्टरच्या टाकीत विनादाब निघून जावे म्हणून हा तिसरा, ड्रेनचा पाइप असतो. त्यातून वाहणारे तेल इतके कमी असते की पुष्कळ जण त्याला बिनमहत्त्वाचा समजतात.

पहिल्या खेपेला मोटर उघडली तेव्हा शाफ्टजवळून तेल गळण्याचे कारण समोरच दिसले असे मला वाटले. सील फाटल्यावर गावातल्या मेकॅनिकने त्याच मापाचे साधे ऑइल सील बसवले होते. असे साधे सील ०.३ ते ०.५ बारपलीकडचा दाब धरत नाही. हायड्रॉलिक मोटरला दाब सोसणारे, आखूड आणि जाड ओठाचे सील लागते. दोन्ही सीलांचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी एकच असू शकते, म्हणून दुकानात फक्त माप सांगितले की साधे सील हातात पडते आणि घेणाऱ्याला फरक कळत नाही. मी भाच्याला नागदेवी स्ट्रीटला पाठवून दाबाचे सील आणवले, शाफ्टवरची सीलने पाडलेली बारीक खाच पॉलिश करून काढली, मोटर टेस्ट बेंचवर वीस मिनिटे चालवली आणि शाफ्टभोवती टिपकागद फिरवून तो कोरडा असल्याची खात्री केली. मोटर ट्रॅक्टरला कशी जोडली आहे हे मात्र मी विचारले नाही. बेंचवर ड्रेनचा पाइप मोकळ्या टाकीत सोडलेला असतो. शेतावर तो कुठे गेला आहे हे ठाऊक नसताना माझ्या चाचणीला काही अर्थ नव्हता, आणि हे मला त्या दिवशी कळायला हवे होते.

नऊ दिवसांनी मोटर परत आली तेव्हा सील सर्क्लिपवर, म्हणजे ते जागी अडवणाऱ्या कडीवर, येऊन टेकले होते आणि त्याचा ओठ शाफ्टवरून बाहेरच्या बाजूला उलटला होता. मोटरच्या तोंडावर आणि सोबत पाठवलेल्या इम्पेलरच्या, म्हणजे पंख्याच्या फिरत्या चाकाच्या, पात्यांवर गुलाबी रंगाचा चिकट लेप बसला होता. बीजप्रक्रियेच्या औषधाची भुकटी पंख्यातून जाताना तेलात मिसळून तो तयार झाला होता. (हा लेप उघड्या हातांनी खरवडू नये. भाच्याने गोणी नुसत्या हातांनी उघडली होती, म्हणून आधी त्याला साबणाने हात धुवायला लावले.) लेप काढून मोटर उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी पहिल्या वेळी माझ्या नजरेतून निसटली होती किंवा तेव्हा एवढी वाढलेली नव्हती. दातांना लागून असलेल्या बुशच्या गुळगुळीत पृष्ठभागावर, एकाच कडेला, मुंग्यांनी कुरतडल्यासारखे बारीक खड्डे होते. मातीच्या कणांनी पडणारे ओरखडे लांबट असतात आणि फिरण्याच्या दिशेने जातात. हे तसे नव्हते. तेल कमी पडून आत पोकळी तयार झाली आणि दाब येताच ती फुटत राहिली की असे खड्डे पडतात.

एकाच मोटरवर दोन वेगळ्या खुणा होत्या. उलटलेला ओठ सांगत होता की सीलमागे दाब साठला. खड्डे सांगत होते की कधीतरी मोटरला तेल मिळाले नाही. मोटर बाजूला ठेवून मी मामांना फोन लावला.

“दादा, तिसरा बारीक पाइप ट्रॅक्टरला कुठे जोडलाय?”

“तो दुसऱ्या लिव्हरच्या तोंडाला आहे, साहेब. त्याचं कपलिंग बसत नव्हतं, म्हणून बदलून घेतलं.”

मी त्यांच्याकडे ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूचे फोटो मागवले. फोटोत सारे स्पष्ट होते. ट्रॅक्टरला तेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या दोन लिव्हरी आणि प्रत्येकीची पाइप जोडायची दोन अशी चार तोंडे होती. पहिल्या लिव्हरच्या दोन तोंडांना पंख्याचे दोन मोठे पाइप होते, आणि ड्रेनचा पाइप दुसऱ्या लिव्हरच्या एका तोंडात बसवलेला होता. मूळ कपलिंग वेगळ्या मापाचे होते. ते बहुधा अशी चूक होऊ नये म्हणूनच तसे दिलेले असावे, आणि कुणीतरी ते बदलून अडथळा दूर केला होता.

तरीही एक प्रश्न उरत होता. पाइप पहिल्यापासून असाच जोडला असेल तर दुरुस्तीनंतर मोटर पहिले चार दिवस नीट कशी चालली? त्याचे उत्तर मामांनी स्वतःच, त्यांना ते महत्त्वाचे न वाटता, बोलता बोलता दिले. पहिले चार दिवस ट्रॅक्टरवर ते स्वतः होते आणि दुसरी लिव्हर ते नेहमी फ्लोटला टाकून ठेवत. फ्लोटमध्ये लिव्हरची दोन्ही तोंडे आतून टाकीकडे उघडी राहतात, म्हणून झिरपलेले तेल कसेबसे निघून जात होते. पुढे दोन दिवस पावसामुळे काम बंद राहिले, आणि त्यानंतर ट्रॅक्टरवर नवा पोरगा बसला. त्याला शिकवलेले होते की इंजिन चालू करण्याआधी सगळ्या लिव्हरी मधे घ्यायच्या. सवय अगदी योग्य होती. नांगर किंवा ट्रॉली असती तर तिने कुणाचे नुकसान झाले नसते. इथे मात्र दुसरी लिव्हर न्यूट्रलला गेल्याबरोबर ड्रेनच्या तेलाची वाट पूर्ण बंद झाली. त्याने पहिली लिव्हर ओढून पंखा सुरू केला आणि पहिली सरी पुरी होण्याआधी पंख्याच्या तोंडातून तेलाचा फवारा आला.

पोराला दोष देण्याआधी हे मामांना डोळ्यांनी दिसावे असे मला वाटले. बेंचवर मी मोटरमध्ये मुद्दाम जुनेच सील पुन्हा सरळ करून बसवले, ड्रेनच्या तोंडाला एक प्रेशर गेज आणि त्यापुढे निडल व्हॉल्व्ह लावला, मोटरभोवती जाड पत्र्याचा आडोसा केला, आणि भाच्याला लांब उभे राहून फोनवर चित्रण करायला सांगितले. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना गेजचा काटा शून्यापासून जेमतेम हलला होता. मी तो पाव-पाव फेरी आवळत गेलो. बराच वेळ काहीच फरक पडला नाही. मग शेवटच्या पाव फेरीत काटा ३ वरून ७ वर आणि ७ वरून १२ बारवर सलग चढला, थांबला नाही. शाफ्टभोवती तेलाची चकचकीत कडा उमटली, तिचा थेंब झाला, थेंबाची धार झाली, आणि मी मशीन बंद केली. झिरपणारे तेल थोडे असते हे खरे. पण ज्या पोकळीतून बाहेर पडायला वाट नाही तिच्यातला दाब आत येणाऱ्या तेलाच्या दाबाकडेच चढत जातो, आणि त्या पोकळीच्या सगळ्या भिंतींमध्ये सर्वांत कमकुवत भिंत सीलचा ओठच असते. कितीही महागडे सील आणले असते तरी ते एवढेच सांगत राहिले असते की वाट बंद आहे.

सीलचा उलगडा झाला, पण खड्ड्यांचा बाकी होता. त्यासाठी मी मामांना विचारले की शेताच्या टोकाला पंखा बंद कसा करता. दोघेही पहिली लिव्हर सरळ न्यूट्रलला घेत होते. या सवयीचे नुकसान हळूहळू होते, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. ३,६०० फेऱ्यांनी फिरणारा जड इम्पेलर लिव्हर बंद केली म्हणून जागेवर थांबत नाही. तो बराच वेळ स्वतःच्या वेगाने फिरत राहतो आणि मोटरलाही फिरवतो. अशा वेळी मोटर पंपाचे काम करू लागते. येणाऱ्या बाजूने ती तेल ओढू पाहते, पण ते तोंड बंद आहे, म्हणून तिथे पोकळी होते. जाणाऱ्या बाजूला ती तेल ढकलते, पण तेही तोंड बंद आहे, म्हणून तिथे दाब उसळतो. दर टोकाला, दर वळणावर, दिवसातून कितीतरी वेळा हे घडत होते. लिव्हर फ्लोटला टाकली तर दोन्ही तोंडे टाकीशी जोडली जातात, तेल मोटरमधून मोकळे फिरते आणि पंखा आपसूक मंदावत थांबतो. म्हणून या पंख्यासाठी लिव्हरच्या जागा दोनच धरायच्या: चालू आणि फ्लोट.

दुरुस्तीत मोटरचे बुश आणि सील बदलले, त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. खरे काम पाइपांवर झाले. ड्रेनच्या पाइपासाठी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवरील तेल भरण्याच्या बुचाच्या जागी बसणारा एक अडॅप्टर आम्ही लेथवर बनवून घेतला, म्हणजे तो पाइप कोणत्याही लिव्हरमधून न जाता थेट टाकीत सुटतो. पाइप मूळच्यापेक्षा एक माप मोठा घेतला, आणि त्याला चपट्या तोंडाचे असे कपलिंग दिले जे लिव्हरच्या चारपैकी एकाही तोंडात बसूच शकत नाही. मोटरच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या तोंडांमध्ये एक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवला. मोटर पंपासारखी वागू लागली की तो उघडतो आणि परतीचे तेल पुन्हा मोटरच्या तोंडाशी आणून देतो, त्यामुळे कुणी चुकून न्यूट्रल लावले तरी पोकळी होत नाही. यंत्रावर अशा व्हॉल्व्हसाठी ठोकळा होता, पण त्याच्या आतले भाग केव्हातरी काढून टाकलेले होते. शेवटी ड्रेनच्या पाइपावर, चालकाला मागे वळून पाहिल्यावर दिसेल असे, ० ते ४ बारचे एक लहान गेज लावले. माझ्या मते या साऱ्या सामानात सर्वांत मोलाची वस्तू ते गेज आहे, कारण पुढची चूक सील फुटण्याआधी त्यावरच दिसेल.

जोडण्याचा क्रम मी भाच्याकडून कागदावर लिहून घेतला आणि मामांना फोनवर परत म्हणायला लावला. इंजिन बंद करून, लिव्हरी मागेपुढे हलवून पाइपांतला दाब आधी सोडायचा. कपलिंगची दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसायची, कारण या ट्रॅक्टरात गिअरबॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच आहे आणि कपलिंगवरची माती दोन्हीकडे फिरते. मग पहिला ड्रेनचा पाइप, त्यानंतर परतीचा आणि सर्वांत शेवटी दाबाचा. सोडताना उलट: दाबाचा आधी, ड्रेनचा शेवटी. पाइप लांब असल्याने त्यांत बरेच तेल भरून राहते, म्हणून पहिल्यांदा चालवून झाल्यावर ट्रॅक्टरच्या तेलाची पातळी पुन्हा पाहायची.

मामांची एक जुनी तक्रार या निमित्ताने सुटली. यंत्र विकणाऱ्याने सांगितलेल्या मापावर पंखा लावूनही त्यांच्या रानात टोकाच्या सरींत तुटाळ पडत असे, आणि ते बियाण्याला दोष देत होते. त्यांच्या ट्रॅक्टरचा पंप साधा गिअर पंप आहे; इंजिनाच्या फेऱ्या कमी झाल्या की तेलही त्याच प्रमाणात कमी येते. वळणाजवळ चालक इंजिन २,००० वरून १,६०० वर आणत असे. म्हणजे तेल आणि पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आला. पण पंख्याचा व्हॅक्यूम वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे तो ६४ टक्क्यांवर येतो: ४० मिलिबारचे जेमतेम २६ उरतात. तेवढ्यात मक्याचा दाणा चकतीवर टिकत नाही. वळणावर वेग कमी करायचा तर इंजिनाच्या फेऱ्या न घटवता गिअर बदलायचा, हे त्यांना लगेच पटले. तेल थंड असताना लावलेला व्हॅक्यूमही अर्ध्या तासाने, तेल तापल्यावर, पुन्हा पाहावा लागतो. सकाळचा आकडा दिवसभर तसाच राहील असे धरून चालता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या फोनवर कठोरपणे सांगावी लागली. फवारा कुठून येतोय हे पाहण्यासाठी नव्या पोराने चालू पंख्याजवळ हात घातला होता. १०० बारच्या तेलाची केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत तेल बोटाच्या आवरणांमधून पसरत जाते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून शोधायची आणि पाइपाला हात लावण्याआधी इंजिन बंद करून दाब सोडायचा. अशी टोचल्याची खूण दिसली तर दुखण्याची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जायचे आणि डॉक्टरांना दाबाचे तेल आत गेले आहे असे स्पष्ट सांगायचे. पोराचा हात सुखरूप होता. फवारा सीलच्या मोठ्या फटीतून आला होता, म्हणून त्याचा जोर कमी होता.

मोटर, अडॅप्टर आणि पाइप त्या रात्री देवगिरीने गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याने मला फोटो पाठवला. गेजचा काटा अर्ध्या बारच्या अलीकडे होता, पंख्याचे तोंड कोरडे होते, आणि ड्रेनच्या पाइपाचे कपलिंग टोकापर्यंत लालभडक रंगवलेले होते. गेल्या पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ त्या नव्या पोरानेच शोधून काढला होता, आणि त्याच रंगाचा एक ठिपका त्याने पहिल्या लिव्हरवर, फ्लोटच्या खुणेसमोर दिला होता.